उपरण्याखालचा गळा

"आजोबा, उपरणं जरा बाजूला करा बघू," डॉ. टेंभेकरांची लेक म्हणाली. नुकतीच डॉक्टर होऊन ती वडिलांच्या दवाखान्यात बसू लागली होती.

आगवेकरबुवांनी उपरणं काढलं आणि शेजारी बसलेल्या डॉक्टरांचा चेहराच उतरला. बुवांच्या गळ्याशी चांगली लिंबाएवढी सूज होती. ज्या गळ्यातून चाळीस वर्षं रामजन्माचं कीर्तन कान भरून ऐकलं, त्या गळ्याला डॉक्टरांनी एकदाही हात लावला नव्हता. आवाज बसलाय, थंडी वाजते, दिवसभर झोप येते, असं बुवा सहा महिने सांगत होते. डॉक्टर ज्येष्ठमध देत होते आणि म्हणत होते, "वय झालं बुवा, आता विश्रांती घ्या." ते मानून बुवांनी कालच देवळाच्या पंचांना कळवलं होतं, की यंदापासून कीर्तनाला दुसरे बुवा बघा.

"थायरॉइड वाटतोय. रक्त तपासू," लेक म्हणाली. "बाबांनी बघितलं नाही कधी?"

"तुझे बाबा भाविक ना गं," बुवा घोगऱ्या आवाजात हसले. "मी आलो की आधी माझे पाय धरतात. पायांवरून वर यायचं राहूनच गेलं."

लेकही हसली. डॉक्टरांना मात्र मान वर करवेना.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. लेकीचंच खरं होतं. रोजच्या एका गोळीचं काम. डॉक्टरांनी बुवांसमोरच पंचांना फोन लावला.

"बुवांची जागा कुणाला देऊ नका," ते म्हणाले. "त्यांचं वय झालेलं नाही. मी त्यांना तपासलंच नव्हतं."