आज चार वाजता

"आज चार वाजता मरायचं ठरवलंय," नवरा आतल्या खोलीत फोनवर मुलाला दबक्या आवाजात सांगत होता. "हो, वेळसुद्धा ठरलीय. तू निघ लगेच."

दाराबाहेर बायकोच्या हातातलं शिवायला घेतलेलं कापड गळून पडलं. चाळीस वर्षं गावभराचे कपडे शिवले, पण शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या मनाचं माप काही तिला घेता आलं नव्हतं.

सरळ विचारलं तर तो हसून उडवून लावणार, हे तिला ठाऊक होतं. तिने आधी त्याचा वस्तरा शिवणयंत्राच्या खणात दडवला. मग मोठी कात्री शोधली. जागेवर नव्हती. औषधांचा डबाही नव्हता. म्हणजे याने सगळी तयारी केलीय!

हल्ली त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतंच. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा. साखर, मीठ, चहा. न्हाणीघराच्या दारावरसुद्धा 'न्हाणीघर'. म्हातारा विसराळू झाला म्हणून ती आजवर त्याची थट्टाच करत आली होती.

दोन वाजता तो बाहेरच्या दाराला कडी घालून आला. "जरा बसू या गं."

"इथेच बसा. माझ्याजवळ."

"मी कुठे जातोय?" त्याने तिचा हात धरला. तिनेही घट्ट धरला.

साडेतीनला तो न्हाणीघरात गेला. तिने दार लावू दिलं नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली. आतून तो सारखा विचारत होता, "आहेस ना गं?"

"आहे हो, आहे." बिचारा घाबरलाय, तिला वाटलं. तिला रडू येत होतं, पण तिने ते गिळलं.

चार वाजले. दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग तिचा बांध फुटला.

"ऐकलं मी सगळं! मला टाकून निघाला होतात? टळली एकदाची वेळ. जगलात!"

त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"सकाळी उशीखाली सापडला," तो म्हणाला.

तिने कागद उलगडला. 'आज चार वाजता. मी तुम्हाला ओळखेनाशी होईन, त्याआधी जाते.'

अक्षर तिचंच होतं.