वजा चार, दोन

"अगं, स्वयंपाकघरातून काय ओरडतेस? जवळ बसून सांग की," मास्तर उजवीकडच्या दाराकडे बघत म्हणाले.

त्यांची बायको डावीकडे, हातभर अंतरावर बसली होती. सकाळच्या चहापासून तिथेच होती. मेंदूत गुठळी झाली आणि मास्तरांच्या जगातली डावी बाजूच गेली. ताटातलं अर्धं जेवण तसंच राहायचं, दाढी अर्धीच व्हायची. डोळे धडधाकट, पण नजर तिकडे वळायलाच तयार नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, काही झालं तरी डावीकडेच बसा. उजवीकडे गेलात तर नुसते लाड होतील, ते बरे होणार नाहीत.

आज तिने आलेखाचा कागद पुढे ठेवला होता. तिचं आणि गणिताचं शाळेपासून वाकडं, आणि नेमका गणिताचाच मास्तर पदरी पडलेला. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं येतंच.

"पाच बिंदू. जोडून पंचकोन काढायचा," ती म्हणाली. "चार, वजा तीन. चार, दोन. शून्य, पाच."

मास्तरांचा उजवा हात सराईतपणे चालला. टिंब, टिंब, टिंब. स्वारी खुशीत होती.

"आता वजा चार, दोन."

पेन्सिल उभ्या अक्षावर थबकली. "कसलं वजा चार? कागद इथेच संपतोय. थट्टा करतेस काय माझी?"

उठावं, उजवीकडे जावं, त्यांनी एकदा तरी आपल्याकडे बघावं, असं तिला फार वाटलं. पण ती उठली नाही. तिने हात लांब करून उभ्या अक्षावर बोट ठेवलं.

"इथे काय आहे?"

"शून्य, दोन. त्यात काय!"

"आता माझ्या बोटामागे या. एकेक घर. घाई नाही."

बोट सरकलं. नजर निघाली, अडखळली, मागे पळाली, पुन्हा आली. गंजलेल्या दारासारखी मान हळूहळू वळू लागली. चौथ्या घरात, तिच्या नखाला लागून, मास्तरांनी टिंब दिलं. मग त्यांची नजर बोटावरून मनगटावर गेली, बाहीवर गेली, आणि तिच्या चेहऱ्याशी येऊन थांबली.

"अगं!" मास्तरांचा चेहरा खुलला. "तू कधी आलीस?"

"ही काय, आत्ताच." तिचे डोळे भरून आले, पण बोट तिने हलवलं नाही.

"मग बस ना अशी जवळ. अजून एक बिंदू राहिलाय."