मानाचा पेला

"पाजली मी, बाईसाहेब. शिक्षा मला करा."

दादासो निवृत्त हवालदार. सगळी नोकरी लष्कराचे ट्रक चालवण्यात गेलेली, त्यामुळे कोर्टातही सावधान उभे होते. आरोपीच्या जागी ज्ञानू होता. म्हसवडकडचा हा गडी दरसाल ट्रॅक्टर घेऊन उसाच्या हंगामाला इकडे यायचा.

मार्चमध्ये दादासोंच्या उसाची शेवटची खेप निघाली. ट्रॅक्टरला केळीचे खुंट बांधले, गुलाल उधळला, ज्ञानूला टोपी-टॉवेल दिला. एवढ्यावर थांबावं की नाही? पण दादासोंना हौस दांडगी. त्यांनी ठेवणीतली मिलिट्रीची बाटली काढली आणि मानाचा म्हणून एक पेला दिला, मग दुसरा. एरवी सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला ज्ञानू दोन्ही पेले गपगुमान प्यायला. कारखान्याच्या फाट्यावर पोलिसांनी अडवलं. कुणाला खरचटलंही नाही, हे त्याचं नशीब.

न्यायाधीश तरुण बाई होत्या. "आजोबा, पेला तुम्ही दिलात. ट्रॅक्टर कुणी चालवला?"

"ह्यानं."

"मग खाली बसा."

आवाजात राग नव्हता, पण निकालात सूटही नव्हती. ज्ञानूनं गुन्हा कबूल केला होता. दंड झाला आणि लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं. दिवाळी तोंडावर आली होती, हंगाम तिच्या मागोमाग. वर्षाची चूल त्या एका हंगामावर पेटायची.

बाहेर चिंचेखाली ट्रॅक्टर उभा होता. ज्ञानूनं सवयीनं पायरीवर पाय ठेवला आणि तसाच थांबला. सकाळी हा शहाणा ट्रॅक्टर घेऊनच कोर्टात आला होता. परत कसा न्यायचा, याचा विचारच केला नव्हता.

"सरक," म्हणत दादासो वर चढले. "हंगामभर मी चालवतो. माझं लायसन अजून चालू हाय. कमाई तुझी."

ज्ञानूला भरून आलं. टॉवेलानं तोंड पुसत तो म्हणाला, "आप्पा, तवा मला न्हाई म्हणायचं हुतं. दोन डाव तोंडापतूर आलं. पर तुमी मोठी माणसं, मानानं दिल्याली. न्हाई कसं म्हणायचं?"

चावीकडे गेलेला दादासोंचा हात थांबला. पोरगं खुशीनं पितंय असंच ते आजवर समजत होते. त्यांना फार वाईट वाटलं. कोर्टात वाटलं होतं, त्याहून जास्त.

"आत्ता म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"न्हाई म्हण. मला."

ज्ञानू ओशाळून हसला. "आवं, आता कशाला..."

"म्हण रं."

"न्हाई, आप्पा," तो खाली बघत पुटपुटला.

"असं न्हवं, गड्या. माझ्याकडं बघून म्हण."

ज्ञानूनं मान वर केली. "न्हाई!"

तो एवढ्या जोरात ओरडला, की चहाच्या टपरीवरचे दोन वकील वळून बघायला लागले. ज्ञानूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दादासो शांतपणे म्हणाले, "आनि एकदा."