पदक

नौदलात रडार इंजिनियर असलेल्या बिरदेवचा राजीनामा साहेबांनी तिसऱ्यांदा परत केला आणि त्याच आठवड्यात त्याच्या छातीवर पदक लावलं.

"जहाजाचं रडार तुझ्याइतकं कुणाला कळतं? तुला कसं सोडू?" साहेब हसून म्हणाले.

समारंभाला माळावरून आबा आले होते, मेंढरांचा वास अंगावर घेऊनच. त्यांनी लेकाचं पदक बोटानं हलवून पाहिलं. कळपापुढं चालणाऱ्या बकऱ्याच्या गळ्यात घंटी बांधली, की ते ती अशीच हलवून बघायचे. मग तो बकरा कितीही थकला तरी त्याला सुटका नसायची.

"म्हंजी आता तुला सोडत न्हाईत," आबा म्हणाले.

त्यांनी पदकावरचं बोट काढून घेतलं.

"मग तू परत येशील म्हणून राखलेली मेंढरं यंदा इकून टाकतो."