चव जुळेना

समजा, तुमच्या मांडीवर शाळेचा टॅब आहे, दहाला दहा मिनिटं कमी आहेत आणि पडद्यावर वायफायचा पासवर्ड मागणारी रिकामी चौकट उघडली आहे. काय कराल? पेणजवळच्या मिठागरांच्या गावातून मुद्दाम अष्टमी गावी आत्याकडे आलेल्या किमयाची अगदी तीच गत झाली होती. दहाला विज्ञान शिबिराची मुलाखत. टॅबला सिम नाही. कालच घरी वायफाय बसवणारा आत्याचा धाकटा भाऊ निकेशकाका पहिल्या शिफ्टला गेलेला, आणि त्याच्या कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत.

"काका काय म्हणाला होता गो, आत्या?"

"मी इचारलं, पासवर्ड काय? तर हसला नि म्हणला, काय नाय." पुतळीआत्याने राउटरकडे रागाने पाहिलं. "मंग हा डबा मागतोय कशाला?"

किमया जागच्या जागी उडालीच. "अगो, तोच पासवर्ड हाय!"

तिने इंग्रजी अक्षरांत झरझर लिहिलं, 'काही नाही'. आठ दिवस आत्याने तिच्याकडून तेच घोटून घेतलं होतं. मॅडमपुढे 'काय नाय' म्हणायचं नाही, शुद्ध बोलायचं.

पासवर्ड चुकला.

"कुठं चुकलं ते त्या डब्यालाच इचार की!"

"त्याला तरी कुठं कळतंय? टॅब त्याला पासवर्ड सांगतच नाय. दोघं एकमेकांना नुसता एकेक नवा आकडा सांगतात, तो कुणीबी ऐकावा. मग आपापल्या जागी त्यात पासवर्ड मिसळून किल्ली बनवतात. जुळली तर दार उघडतं." आत्याचा चेहरा कोराच होता. किमयाला चुलीवरचं कालवण दिसलं. "असं बघ. तुझ्या नि माझ्या आईच्या डब्यात एकच मसाला. आज मासळी कुठली ते तू ओरडून सांगितलंस, आंबट कुठलं ते तिनं. दोघींनी आपापल्या घरी कालवण केलं. चव जुळली, तर मसाला एकच. मसाला कुणी कुणाला दाखवलाच नाय!"

"आणि चिमूटभर चुकला तर?"

"तर चव जुळत नाय," म्हणता म्हणता किमया थबकली. काका कधी 'काही नाही' म्हणतो?

तिने 'काय नाय' लिहिलं. इंग्रजीत सहाच अक्षरं झाली. पासवर्डला निदान आठ लागतात, बटण उजळेना. तीन मिनिटं उरली.

"आत्या, आठव! तो बोलला तस्संच सांग!"

"सांगितलं की! मला म्हणला, 'काय नाय गो!'"

"गो!" किमया किंचाळली. इंग्रजीत आणखी दोन अक्षरं. आठ झाली. बटण उजळलं, आणि वायफाय जोडला गेला.

दहाच्या ठोक्याला मॅडम पडद्यावर आल्या. "जोडायला काही अडचण आली का, बाळ?"

आत्या मागून ओठ हलवून शुद्ध उत्तर पुरवत होती. किमयाने तिच्याकडे पाहिलं, खुदकन हसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काय नाय, मॅडम!"

'गो' तेवढा तिने ओठांतच ठेवला.