कानातली बाई

वसुधाने सवयीने कोपर पुढे केलं, पण रघुवीर केव्हाच पुढे निघून गेला होता.

सिव्हिल कोर्ट स्टेशनात भुयारातली मेट्रो सोडून वरची गाठायची, तर सरकत्या जिन्यांवर ही गर्दी. लग्न झाल्यापासून आंधळ्या नवऱ्याला तिथून तीच नेत आली होती. या महिन्यापासून मात्र स्टेशनच त्याच्या कानात बोलू लागलं होतं. छतावरचे कॅमेरे त्याच्यासाठी बघायचे आणि कानातल्या यंत्रातून एक गोड बायकी आवाज त्याला वाट सांगायचा. त्या आवाजाचं नाव त्याने मृणाल ठेवलं होतं.

"मृणाल म्हणते, समोर कुणीतरी अबोलीचा गजरा माळलाय," ती बरोबरीला आल्यावर तो हसत म्हणाला. "तू असलं कधी सांगितलं नाहीस, वसू."

"मी तुम्हाला पडू देत नव्हते," ती म्हणाली आणि मुद्दाम खांबाआड थांबली. हरवू दे, मग कळेल.

रघुवीर थबकला. "वसू?" त्याचा चेहरा कावराबावरा झाला. तिला बरं वाटलं. मग त्याने मान तिरकी करून काहीतरी ऐकलं आणि माणसांतून वाट काढत नेमका तिच्यापुढे येऊन उभा राहिला. असा तिला शोधत तो आजवर कधीच आला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

"रडतेस?"

"तिनेच सांगितलं ना?"

त्याचा हात नकळत कानाकडे गेला. वसुधाने त्याच्या कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि त्याचा हात आपल्या दंडावर ठेवला.

"समोर एक आजोबा आहेत," जिना चढताना ती म्हणाली. "त्यांच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय." जरा थांबून तिने विचारलं, "तिच्यापेक्षा बरं सांगते ना मी?"