आपलंच घर

घर विकायचं दोघांनी मिळून ठरवलं, पण ह्यांनी नुसता वैताग आणला. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दारात हसून म्हणायचे, "या, आपलंच घर समजा!" की हे मागून सांगणार, "दुपारी ऊन भाजून काढतं हं!" एवढ्या पॉश वस्तीतला, काचेच्या भिंतींचा चार बेडरूमचा फ्लॅट ह्यांच्या जिभेपायी वर्षभर पडून राहिला. शेवटी एकदाचा विकला. आज नव्या मालकीणबाईंना किल्ल्या देऊन लिफ्टपाशी आलो, तर हे थबकले. "अगं, चष्मा आतच राहिला!" मी कपाळावर हात मारला. "आता वाजवा बेल!" दारापाशी जाऊन हे सवयीनं खिशात किल्ली शोधायला लागले. मग मीच बेल वाजवली. तेवढ्यात ह्यांच्या सदऱ्याच्या खिशातून चष्मा डोकावताना दिसला. ह्यांना झापणार, तोच मालकीणबाईंनी दार उघडलं. "अहो, बाहेर का उभे? या ना, आपलंच घर समजा!"